'राष्ट्रीय पुरस्कार विजेता' म्हणजे नेमकं काय? सुवर्णकमळ, रजतकमळ आणि पाच मराठी चित्रपट

१ ऑगस्ट २०२५ रोजी ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि मराठी प्रेक्षकांच्या फोनवर अभिनंदनाच्या पोस्ट सुरू झाल्या. 'श्यामची आई', 'नाळ २', 'आत्मपॅम्फ्लेट', 'जिप्सी' अशी एकाहून अधिक मराठी नावं यादीत होती. त्यातल्या एका नावाने अनेकांचा गोंधळ उडवला. 'श्यामची आई'ला तर राष्ट्रीय पुरस्कार केव्हाच मिळालेला आहे ना?

मिळालेला आहे. पण तो आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाला. २०२५ मध्ये जाहीर झालेला पुरस्कार सुजय डहाके दिग्दर्शित, २०२३ साली आलेल्या 'श्यामची आई'चा. पुस्तक एकच, साने गुरुजींचं. चित्रपट दोन, पुरस्कारही दोन. आणि हे दोन्ही पुरस्कार एकाच दर्जाचे नाहीत. अत्र्यांच्या चित्रपटाला देशातल्या सगळ्या भाषांमधला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं गेलं होतं. डहाके यांच्या चित्रपटाला मराठी भाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवण्यात आलं.

'राष्ट्रीय पुरस्कार विजेता' या दोन-तीन शब्दांत हा फरक दिसत नाही. पोस्टरवर, बातमीत आणि व्हॉट्सॲपवर सगळे पुरस्कार सारखेच वाटतात. म्हणून हे पुरस्कार कोण देतं, निवड कशी होते, वर्षाचा घोळ का होतो आणि सर्वात मोठा मान कोणत्या मराठी चित्रपटांना मिळाला, हे एकदा नीट समजून घेऊया.

हे पुरस्कार कोण देतं?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार भारत सरकार देतं. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत हा विषय येतो. सुरुवात १९५४ साली झाली, तेव्हा १९५३ सालच्या चित्रपटांचा विचार झाला. त्या काळी कमळं नव्हती. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळायचं. भाषावार पुरस्कार दुसऱ्या वर्षापासून सुरू झाले. अभिनेता आणि अभिनेत्री यांना स्वतंत्र पुरस्कार तर १९६७ सालच्या चित्रपटांपासून मिळू लागले. म्हणजे पहिली अनेक वर्षं हा पुरस्कार कलाकारांचा नव्हता, चित्रपटाचाच होता. सुवर्णकमळ आणि रजतकमळ ही नावं सत्तरच्या दशकात रुळली.

या पुरस्कारांचं काम अनेक वर्षं चित्रपट महोत्सव संचालनालय बघत होतं. २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजेच एनएफडीसीमध्ये विलीन झालं. आता हे काम एनएफडीसीकडे आहे.

आधी परीक्षक मंडळ निकाल सरकारकडे देतं, मग पत्रकार परिषदेत नावं जाहीर होतात आणि त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिल्लीत सोहळा होतो. सोहळ्याच्या रात्री पाकीट फोडून नाव वाचण्याचा प्रकार इथे नाही. ७१व्या पुरस्कारांचा सोहळा २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात झाला आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पुरस्कार दिले गेले. 'नाळ २'मधली चिमुकली त्रिशा ठोसर साडी नेसून मंचावर गेली, तो व्हिडिओ त्या दिवशी जवळपास प्रत्येक मराठी ग्रुपवर फिरला.

सुवर्णकमळ आणि रजतकमळ यांत फरक काय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सुवर्णकमळ फक्त एकाच चित्रपटाला मिळतं असा समज आहे. तसं नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपट, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन, पदार्पणातला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, निखळ मनोरंजन करणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट, सर्वोत्कृष्ट बालचित्रपट अशा मोजक्या विभागांना सुवर्णकमळ आहे. अभिनय, पार्श्वगायन, छायांकन, पटकथा, संकलन हे बहुतेक विभाग रजतकमळाचे. प्रत्येक भाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही रजतकमळच.

त्यामुळे ७१व्या यादीत मराठीची स्थिती अशी होती. 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट, म्हणून सुवर्णकमळ. 'आत्मपॅम्फ्लेट'चे दिग्दर्शक आशिष बेंडे पदार्पणातले सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, म्हणून सुवर्णकमळ. 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, म्हणून रजतकमळ. बालकलाकाराचा पुरस्कार पाच मुलांमध्ये वाटला गेला आणि त्यातली चार मराठी चित्रपटांतली होती: 'नाळ २'मधले त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि 'जिप्सी'मधला कबीर खंदारे. देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मात्र हिंदीतल्या 'ट्वेल्थ फेल'ला मिळालं.

पैशांचं म्हणाल तर ७०व्या पुरस्कारांपासून सुवर्णकमळासोबत ३ लाख आणि रजतकमळासोबत २ लाख रुपये दिले जातात. त्याच वेळी काही नावंही बदलली. पदार्पणाच्या पुरस्काराला असलेलं इंदिरा गांधींचं आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या पुरस्काराला असलेलं नर्गिस दत्त यांचं नाव काढण्यात आलं. जुन्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर एकच पुरस्कार दोन वेगळे वाटतात.

निवड कशी होते?

पहिली गोष्ट, चित्रपट आपोआप स्पर्धेत जात नाही. निर्मात्याला अर्ज करावा लागतो. कितीही गाजलेला चित्रपट असला आणि अर्जच नसला, तर परीक्षकांपुढे तो जाणार नाही. दुसऱ्या भाषेतून डब केलेला चित्रपटही चालत नाही.

दुसरी गोष्ट, निवड दोन टप्प्यांत होते. २०१० च्या सुमारास ही पद्धत आली. आधी पाच प्रादेशिक परीक्षक मंडळं चित्रपट बघतात. मराठी चित्रपट गुजराती आणि कोंकणी चित्रपटांसोबत पश्चिम विभागात येतात. तिथून शिफारस झालेले चित्रपट केंद्रीय मंडळाकडे जातात आणि अंतिम निर्णय तिथे होतो. ७१व्या पुरस्कारांच्या फीचर फिल्म मंडळाचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते.

तिसरी गोष्ट सोशल मीडियासाठी सर्वात महत्त्वाची. राष्ट्रीय पुरस्कारांत जाहीर नामांकनं नसतात. फिल्मफेअर किंवा ऑस्करमध्ये आधी पाच नावं येतात आणि मग विजेता कळतो, तसं इथे होत नाही. थेट विजेत्यांची यादी येते. म्हणून 'आमच्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्काराचं नामांकन मिळालं' अशी पोस्ट दिसली, तर तिचा अर्थ फार तर 'आम्ही अर्ज केला' एवढाच असू शकतो.

वर्षाचा घोळ का होतो?

पुरस्काराचं वर्ष चित्रपटगृहात लागण्यावरून ठरत नाही. सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र ज्या कॅलेंडर वर्षात मिळालं, ते वर्ष धरलं जातं. मग यादी जाहीर व्हायला काही महिने जातात, कधी दोन वर्षंही जातात. २०२३ च्या चित्रपटांचे पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले, ते यामुळेच. म्हणजे एका पुरस्काराला तीन वर्षं चिकटलेली असतात: प्रमाणपत्राचं, घोषणेचं आणि सोहळ्याचं. कोणी कोणतं लिहिलंय ते बघावं लागतं.

याचा सर्वात गमतीदार परिणाम म्हणजे पुरस्कार आधी आणि चित्रपट नंतर. 'सैराट' हे सगळ्यांना आठवणारं उदाहरण. रिंकू राजगुरूला ६३व्या पुरस्कारांत विशेष उल्लेखाचा मान मार्च २०१६ मध्ये जाहीर झाला. 'सैराट' थिएटरमध्ये लागला २९ एप्रिल २०१६ रोजी. महाराष्ट्राने आर्चीला पाहण्याआधी परीक्षकांनी तिला पाहिलेलं होतं.

'सैराट'ला प्रेक्षक शोधावा लागला नाही. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. मकरंद माने यांचा 'रिंगण' २०१६ च्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, पण थिएटरमध्ये यायला त्याला २०१७ चा जून संपावा लागला. 'गोष्ट एका पैठणीची'चा पुरस्कार जुलै २०२२ मध्ये जाहीर झाला आणि चित्रपट लागला डिसेंबरमध्ये. मधल्या काळात लोक नाव ऐकतात, शोधतात, कुठेच सापडत नाही म्हणून विसरतात.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्ण मिळवणारे पाच मराठी चित्रपट

सगळ्या भारतीय भाषांमधून एक चित्रपट निवडायचा, असा हा सर्वोच्च मान. ७१ वर्षांच्या याद्यांमध्ये तो मराठीला पाच वेळा मिळाला आहे.

१. श्यामची आई (१९५३)

दिग्दर्शक आचार्य प्रल्हाद केशव अत्रे. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट, म्हणून या यादीत देशातलं पहिलं नाव मराठी आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात असताना लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारलेला होता. कोकणातलं गरीब होत चाललेलं घर, कर्जाचा अपमान आणि त्यातही मुलाला माणूस म्हणून घडवणारी आई, असं हे कथानक. आईची भूमिका वनमाला यांनी केली, श्यामची माधव वझे यांनी. त्या वर्षी 'दो बिघा जमीन'सारखा चित्रपट स्पर्धेत होता आणि त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. यावरून 'श्यामची आई'च्या यशाचं वजन कळतं. पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या 'महात्मा फुले'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं रौप्यपदक मिळालं.

यानंतर मात्र मराठीला तब्बल पन्नास वर्षं वाट पाहावी लागली.

२. श्वास (५१वे पुरस्कार, वर्ष २००३)

दिग्दर्शक संदीप सावंत. कोकणातले आजोबा नातवाचे डोळे दाखवायला शहरात येतात. निदान होतं डोळ्यांच्या कर्करोगाचं. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी नातवाला जग एकदा डोळे भरून दाखवावं, एवढीच आजोबांची इच्छा. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे परशुराम, संदीप कुलकर्णी डॉक्टर आणि अमृता सुभाष वैद्यकीय समाजसेविका. अश्विनला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कारही मिळाला.

'श्वास' भारतातर्फे ऑस्करलाही गेला. तिथे चित्रपट परीक्षकांपर्यंत पोचवायचा तर खेळ लावावे लागतात, जाहिरात करावी लागते आणि तो खर्च छोट्या मराठी निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचा होता. मग महाराष्ट्रात लोकवर्गणी उभी राहिली. संस्थांनी आणि सामान्य प्रेक्षकांनी पैसे दिले. अंतिम पाचांत 'श्वास' पोचला नाही. पण मराठी चित्रपट म्हणजे तमाशा नाहीतर विनोद, हा समज त्याने मोडला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नव्या दिग्दर्शकांची जी रांग लागली, तिची सुरुवात सांगताना 'श्वास'चं नाव घेतलं जातं ते उगाच नाही.

३. देऊळ (५९वे पुरस्कार, वर्ष २०११)

दिग्दर्शक उमेश विनायक कुलकर्णी. मंगरूळ नावाच्या गावात गुरं राखणाऱ्या केश्याला उंबराखाली दत्त दिसतो. बघता बघता गावाला देऊळ हवं होतं, देवळामागून दुकानं येतात, दुकानांमागून पैसा, आणि गावाला खरोखर हवा असलेला दवाखाना मागे पडतो. गिरीश कुलकर्णी, नाना पाटेकर, दिलीप प्रभावळकर आणि सोनाली कुलकर्णी यांच्या भूमिका होत्या. गिरीश कुलकर्णींना सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट संवाद असे दोन्ही पुरस्कार मिळाले.

इथे एक तपशील बहुतेक पोस्टमध्ये सुटतो. त्या वर्षीचं सुवर्णकमळ विभागून दिलं गेलं होतं. 'देऊळ'सोबत बॅरी भाषेतला 'ब्यारी' हा चित्रपटही विजेता होता.

४. कोर्ट (६२वे पुरस्कार, वर्ष २०१४)

दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे. हा त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. मुंबईतला वयस्कर लोकशाहीर नारायण कांबळे यांना अटक होते. आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. पुढे सुनावणी, तारीख, पुन्हा तारीख. चित्रपट कोर्टातून बाहेर पडून वकील आणि न्यायाधीशांच्या घरापर्यंतही जातो, पण कुठेच आवाज चढवत नाही. शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते प्रत्यक्षातही चळवळीतले कार्यकर्ते होते आणि २०२१ मध्ये कोविडने त्यांचं निधन झालं. सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी, बचावाचे वकील विवेक गोम्बर. गोम्बर चित्रपटाचे निर्मातेही होते.

'कोर्ट'ने २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार मिळवले होते. राष्ट्रीय पुरस्कार मार्च २०१५ मध्ये जाहीर झाला आणि भारतात चित्रपट लागला १७ एप्रिल २०१५ रोजी. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट मात्र अविनाश अरुण यांचा 'किल्ला' होता. हे विचित्र वाटतं, पण नियम सरळ आहे. सर्वोच्च मान मिळालेला चित्रपट वेगळा काढला जातो आणि भाषेचा पुरस्कार दुसऱ्या चित्रपटाला मिळतो.

५. कासव (६४वे पुरस्कार, वर्ष २०१६)

दिग्दर्शक सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. नैराश्याने खचलेला तरुण आणि त्याला काहीही न विचारता आपल्या घरात जागा देणारी जानकी, यांची ही कथा. जवळच समुद्रकिनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचं काम चाललेलं असतं. पिल्लं स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जातात. माणसांनी फक्त वाट मोकळी ठेवायची. इरावती हर्षे, आलोक राजवाडे आणि मोहन आगाशे यांनी भूमिका केल्या. पेशाने मनोविकारतज्ज्ञ असलेले आगाशे चित्रपटाचे निर्मातेही होते.

पुरस्कार एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला, चित्रपट ऑक्टोबर २०१७ मध्ये लागला. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकही मराठीच होते, 'व्हेंटिलेटर'चे राजेश मापुसकर, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'दशक्रिया'. सुमित्रा भावे यांचं एप्रिल २०२१ मध्ये निधन झालं.

'कासव'नंतर, २०२३ सालच्या चित्रपटांपर्यंत, हा सर्वोच्च मान मराठीकडे पुन्हा आलेला नाही.

गेल्या दहा यादींतले सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट

६२वे (वर्ष २०१४): किल्ला, दिग्दर्शक अविनाश अरुण
६३वे (२०१५): रिंगण, मकरंद माने
६४वे (२०१६): दशक्रिया, संदीप भालचंद्र पाटील
६५वे (२०१७): कच्चा लिंबू, प्रसाद ओक
६६वे (२०१८): भोंगा, शिवाजी लोटन पाटील
६७वे (२०१९): बार्डो, भीमराव मुडे
६८वे (२०२०): गोष्ट एका पैठणीची, शंतनू रोडे
६९वे (२०२१): एकदा काय झालं, सलील कुलकर्णी
७०वे (२०२२): वाळवी, परेश मोकाशी
७१वे (२०२३): श्यामची आई, सुजय डहाके

ही यादी वाचताना किती चित्रपट पाहिलेत, हे मनातल्या मनात मोजून बघा. 'वाळवी' आणि 'एकदा काय झालं' अनेकांनी पाहिलेले असतील. 'भोंगा' आणि 'बार्डो' किती जणांनी?

मराठीतले दिग्दर्शक आणि कलाकार

सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कारही देशभरातून एकच असतो. २०१२ पासूनच्या चित्रपटांमध्ये तो मराठीला तीनदा मिळाला: 'धग'साठी शिवाजी लोटन पाटील, 'व्हेंटिलेटर'साठी राजेश मापुसकर आणि 'गोदावरी'साठी निखिल महाजन.

अभिनयात 'जोगवा'साठी उपेंद्र लिमये, 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णी आणि 'अनुमती'साठी विक्रम गोखले सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. गोखले यांना तो इरफान खान यांच्यासोबत विभागून मिळाला. 'बाबू बँड बाजा'साठी मिताली जगताप-वराडकर आणि 'धग'साठी उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. नागराज मंजुळे यांना 'फँड्री'साठी पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या जब्याला, म्हणजे सोमनाथ अवघडेला, बालकलाकाराचा. 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे यांना पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळाला, 'बार्डो'साठी सावनी रवींद्र यांना.

बालकलाकारांमध्ये मराठीचं नाव वारंवार येतं. 'श्वास', 'फँड्री', 'नाळ', 'सुमी', 'टकटक' आणि 'नाळ २' या सगळ्या चित्रपटांतल्या मुलांना हा पुरस्कार मिळाला आहे. श्रीनिवास पोकळेला तर 'नाळ' आणि 'नाळ २' अशा दोन्ही चित्रपटांसाठी.

ऑस्कर, फाळके पुरस्कार आणि राज्य पुरस्कार वेगळे कसे?

राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणजे चित्रपट ऑस्करला जातो, असं नाही. भारताची ऑस्करची अधिकृत प्रवेशिका फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही चित्रपट व्यावसायिकांची संस्था निवडते. मराठीतून 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे तीन चित्रपट असे पाठवले गेले. 'देऊळ' आणि 'कासव' सुवर्णकमळ मिळूनही गेले नाहीत. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला सर्वोच्च सुवर्णकमळ नव्हतं, तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट होता, तरी गेला.

दादासाहेब फाळके पुरस्कार राष्ट्रीय पुरस्कारांच्या सोहळ्यातच दिला जातो, पण तो एखाद्या चित्रपटासाठी नसतो. आयुष्यभराच्या कामासाठी असतो. १९६९ सालचा पहिला मान देविका राणी यांना मिळाला. दुर्गा खोटे, व्ही. शांताराम, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर आणि आशा भोसले ही त्यातली आपली नावं. ७१व्या सोहळ्यात तो मोहनलाल यांना दिला गेला.

महाराष्ट्र राज्य मराठी चित्रपट पुरस्कार राज्य सरकारचे. तिथे स्पर्धा मराठी चित्रपटांमध्येच असते आणि नामांकनंही जाहीर होतात. फिल्मफेअर मराठी किंवा वाहिन्यांचे सोहळे खासगी असतात. 'नामांकन मिळालं' ही बातमी या पुरस्कारांबाबत खरी असू शकते.

पुरस्कार कोणाच्या हातून, यावरही वाद झाला

३ मे २०१८ रोजी ६५व्या पुरस्कारांचा सोहळा होता. राष्ट्रपती रामनाथ कोविंद फक्त ११ पुरस्कार देतील आणि बाकीचे मंत्री देतील, असं विजेत्यांना ऐनवेळी कळलं. पन्नासहून अधिक विजेते सोहळ्याला गेले नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला हा मानापमानाचा खेळ वाटू शकतो. पण ३ लाख किंवा २ लाखांची रक्कम चित्रपटाच्या खर्चापुढे काहीच नसते. तंत्रज्ञ, लघुपटकार, छोट्या भाषेतला दिग्दर्शक यांच्यासाठी राष्ट्रपतींच्या हातून मिळालेलं पदक हीच खरी कमाई असते. राग त्याचा होता.

पुरस्कारानंतर चित्रपटाचं काय होतं?

परीक्षकांनी निवडलेला चित्रपट लोकांपर्यंत पोचवण्याची कोणतीही व्यवस्था या पुरस्कारात नाही. पदक मिळतं, पडदा मिळत नाही. वितरक, थिएटर आणि खेळाची वेळ निर्मात्याने स्वतः मिळवायची.

मराठी चित्रपटाला चांगली वेळ मिळावी म्हणून एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवण्याची अट घातली. त्यावर वाद झाला आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ अशी व्याख्या ठरली. कागदावर नऊ तास, पण त्यातला कोणता खेळ मराठीला मिळेल हे थिएटरच्या हातात. बदलापूरच्या मांजर्लीत राहून रोज सकाळची लोकल पकडणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या माणसाला दुपारी साडेबाराचा खेळ असून नसल्यासारखाच. तो शनिवारची वाट बघतो आणि शनिवारपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. मग थिएटर म्हणतं प्रेक्षक आले नाहीत, आणि प्रेक्षक म्हणतो चित्रपट लागलाच कधी होता.

म्हणून पुरस्काराची बातमी येते तो दिवस प्रेक्षकासाठी महत्त्वाचा आहे. अभिनंदनाची पोस्ट एका दिवसात खाली जाते. त्यापेक्षा चित्रपटाचं नाव लिहून ठेवणं, तो प्रदर्शित झालाय का हे बघणं आणि लागल्यावर पहिल्या शनिवार-रविवारी तिकीट काढणं चित्रपटाच्या जास्त उपयोगाचं. थिएटरमध्ये खेळ वाढतात किंवा कमी होतात, ते याच तीन-चार दिवसांतल्या गर्दीवरून.

पोस्ट शेअर करण्याआधी चार प्रश्न

कोणता विभाग? 'राष्ट्रीय पुरस्कार' एवढंच लिहिलं असेल तर सर्वोत्कृष्ट चित्रपट, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, की एखाद्या कलाकाराचा पुरस्कार, हे शोधा.

कोणतं वर्ष? ७१वे, ७०वे असा क्रमांक बघा. तो बदलत नाही. नुसतं वर्ष लिहिलं असेल तर ते प्रमाणपत्राचं आहे की घोषणेचं, हे तपासा.

विभागून की एकट्याला? 'देऊळ' आणि 'ब्यारी'सारखी उदाहरणं बरीच आहेत. दुसऱ्या विजेत्याचं नाव गाळलं की माहिती अर्धी राहते.

विजेता की नामांकित? राष्ट्रीय पुरस्कारांत नामांकित असं कोणी नसतं.

आणि 'श्यामची आई'बद्दल पुन्हा कोणी विचारलं, तर उत्तर सोपं आहे. १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, देशातला सर्वोत्कृष्ट म्हणून. २०२३ च्या चित्रपटाला रजतकमळ, मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून. दोन्ही विजेते आहेत, फक्त यादीतल्या जागा वेगळ्या.